डॉक्टरीणबाईंचा माझ्यावर फार विश्वास

३ मार्च
आजपासून मला वेड लागलं. म्हणजे मागल्या वर्षीच लागलं होतं, असं वकीलसाहेब म्हणाले. थोरला गेल्यावर मी घर मोठ्या सुनेला बक्षीस लिहून दिलं. भोळीच मी, ती रोज पाय चेपायची ना. आता धाकटा म्हणतो, आई, ते मोडून टाक, तुला राणीसारखं ठेवीन. एवढंच सांगायचं, की सही केली तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं. त्यात काय? आमच्या ह्यांचं तर जन्मभर नव्हतं.

९ मार्च
मानसशास्त्रज्ञ बाईंकडे गेले. (हा शब्द धाकट्यानं लिहून दिला.) मी कशी आहे ते कोर्टात त्याच सांगणार. पोरगी गोड. चित्रं दाखवली, मी छत्रीला कात्री म्हटलं. घड्याळ काढायला लावलं, आकडे सगळे एका कोपऱ्यात कोंबले. मुलं किती? मी विचारलं, कुणाची? बाईंचे डोळे भरून आले. अशी ॲक्टिंग लग्नासाठी मला बघायला आले होते तेव्हासुद्धा केली नव्हती.

१५ मार्च, सकाळी
मोठी सून रडत म्हणाली, आई, पोरीला घेऊन मी जाऊ कुठं? मी म्हटलं, तू कोण गं? तिचं तोंड बघण्यासारखं झालं. तेवढाच सराव.

२ जुलै
कोर्ट. मोठीच्या वकिलानं बाईंना धरलं. म्हातारी खोटं बोलत असेल तर? तपासलंत का? बाई ताठ. म्हणाल्या, समोर बसलेल्या माणसावर संशय घेऊन मला काम करता येत नाही, मी विश्वासानंच सुरुवात करते. वा! टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मग म्हटलं, वेडीला कोण अडवतंय? वाजवल्या. न्यायाधीशांनी लगेच लिहून घेतलं.

११ सप्टेंबर
जिंकले! बक्षीसपत्र रद्द. मोठी आणि नात दोन बॅगा घेऊन गेल्या. नातीनं मागं वळूनही पाहिलं नाही. संस्कार म्हणून नाहीत आईचे. वर कोर्टानं धाकट्याला माझा पालक नेमलं. म्हातारपणी पोराचं मूल व्हायचं, नशीब लागतं!

६ ऑक्टोबर
घर विकायला काढलंय. गिऱ्हाइकं येऊन माझी कपाटं उघडून बघतात. धाकटा म्हणतो, तुला छानशा वृद्धाश्रमात ठेवतो. मी म्हटलं, मी सही करणार नाही, जा. तो म्हणाला, तुझी सही आता लागतच नाही. हसत म्हणाला. लहानपणापासून हसराच तो.
काळजी नाही. उद्या बाईंना खरं काय ते सांगून टाकते. त्यांचा माझ्यावर विश्वास आहे. दोन मिनिटांचं काम.

७ ऑक्टोबर
बाईंना सगळं सांगितलं, धाकट्यासमोरच. पार टाळ्यांपर्यंत. बाईंनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, आजी, या आजारात माणसाला आपण ठणठणीत आहोत असंच वाटतं. मी म्हटलं, आणा ती चित्रं! छत्रीला छत्री, कात्रीला कात्री. घड्याळ तर सेकंदकाट्यासकट काढलं. एक चूक नाही. बाई धाकट्याकडे वळून हळूच म्हणाल्या, आज चांगला दिवस आहे त्यांचा, मधूनच असे येतात, यावर विसंबू नका.
मग वृद्धाश्रमाच्या कागदावर धाकट्यानं माझ्या जागी सही केली.
अक्षर सुरेख आहे पोराचं. मीच हात धरून गिरवून घेतलं होतं.