बाझीलचं नाणं

पॅरिस, ३ ऑक्टोबर १७८४

पोचलो एकदाचा! गॉद्री मालकांच्या कारखान्यात मुलामेकाराची जागा मिळाली, वर राहायला खोलीही. बायकोला, लुसेतला, सहावा महिना चालू आहे. हात बसला की तिला गावाहून आणीन. काम मोठं देखणं आहे. जांभळ्या दगडाच्या दोन फुलदाण्या, झाकणंही दगडाचीच, त्यांना ब्राँझचे चार मुखवटे, सगळे तोंड उघडलेले. सोनं पाऱ्यात कालवून मुखवट्यांना फासायचं आणि निखाऱ्यावर पारा उडवायचा. धूर बाधू नये म्हणून तोंडात सोन्याचं नाणं धरतो. संध्याकाळपर्यंत ते पारा शोषून पांढरं पडतं. मालकीणबाई म्हणाल्या, "गिळू नको रे बाबा, आमच्याकडे सूपही मिळतं!" फार हसलो.

१९ ऑक्टोबर

चौथा मुखवटा बिघडवला. आच जास्त झाली, सोनं राखेत गेलं. मालकांना कळलं तर हाकलतील, मग लुसेतला कुठे नेऊ? खिळ्याला बाझीलचं नाणं टांगलेलं आहे. माझ्या आधीचा मुलामेकार, मालकीणबाईंचा भाऊ. हात थरथरत थरथरत वसंतात गेला. मेलेल्याचं नाणं नदीला द्यायची आम्हा मुलामेकारांची रीत आहे; बाईंना ते जमलं नाही. मी ते पाऱ्यात विरघळवून चौथ्या मुखवट्याला फासलं. खिळ्याला तांब्याची चकती पारा चोळून लावली. लाज वाटते.

२१ ऑक्टोबर

चौथा सगळ्यांत सुंदर उतरला. मालकांनी पाठ थोपटली. मालकीणबाई मात्र बघताच पांढऱ्या पडल्या. म्हणाल्या, "अगं बाई! हा तर आमचा बाझील."

२६ ऑक्टोबर

त्या फुलदाणीचं झाकण वाजतं. दगडावर दगड, थंडीत दात वाजावेत तसं. मालक म्हणाले, रस्त्यावरून गाड्या जातात, भित्र्या. मी खिडकीतून पाहिलं. रस्ता रिकामा होता.

२९ ऑक्टोबर

झाकण थांबलं. आता माझे हात — लेखणी धरवत नाही.
तो तोंड उघडून बघतो. नाणं मागतो. त्याचंच होतं ते —

३१ ऑक्टोबर

माझं नाणं त्याच्या तोंडात ठेवलं. ओठ मिटले. तासभर हात शांत.
मग पुन्हा उघडले. आत काहीच नाही. पुरलं नाही त्याला —

२ नोव्हेंबर, मृतांचा दिवस

लुसेत आली. मालकीणबाईंनीच बोलावून घेतलं, मला आनंद व्हावा म्हणून. मी खाली कारखान्यात येईपर्यंत ती फुलदाणीपाशी — बोट मुखवट्याच्या ओठांवर —
ओढून आणलं तिला. हसते. म्हणते, बघ ना, बाळ किती हलतंय.
हात ठेवला.
हलत नाही. थरथरतंय. आणि आतून आवाज — दगडावर दग