टॉमबुईवर हरवलेला माणूस

प्रिय एल्स्पेथकाकू यांस,

साष्टांग नमस्कार. (पाठ धरली आहे, म्हणून मनातल्या मनातच घातला.) तुमचे गुडघे कसे आहेत? डंडीची हवा मानवते का? इकडे मी सोडून सगळे मजेत.

काकू, तोंड दाखवायला जागा नाही म्हणून पत्र लिहितो आहे. टॉमबुई ती काय टेकडी! चहाच्या आधी म्हाताऱ्या तिथे कुत्री फिरवून येतात. मी तर डोंगर बचाव पथकात वीस वर्षं; 'कुठलीही टेकडी लहान नसते' यावर शाळांतून व्याख्यानं झोडणारा. तो मी गेल्या रविवारी घरातल्या सपाता घालून, नकाशा नाही, शिट्टी नाही, खिशात एक चीज-सँडविच टाकून वर निघालो. अर्ध्या वाटेवर धुकं उतरलं. तासभर चाललो, तेव्हा कळलं की एकाच मेंढवाड्याभोवती फेऱ्या मारतो आहे. शेवटी लाज गुंडाळून ओरडलो. (खिशात फोन होता, पण मदतीचा फोन उचलणार आमच्याच पथकातली आयला गेडिस, आणि तिला नकाशा वाचायला मीच शिकवलेलं.)

थोड्या वेळाने फोनच वाजला. आमच्याच पथकाचा निरोप: टॉमबुईवर कुणीतरी ओरडतंय, ताबडतोब जमा. आणि काकू, वीस वर्षांच्या सवयीने माझ्या बोटांनी उत्तर पाठवलं, 'निघालो.'

आता मागे कसं फिरणार? अकरा माणसं आली, बरोबर टिब. हो, तुमच्याच स्वयंपाकघरात जन्मलेली, आर्चीकाकांनी पथकाला दिलेली कुत्री टिब. "अगंबाई, रेनीदादा, सगळ्यांच्या आधी तुम्ही? आणि सपाता घालून?" आयला म्हणाली. म्हटलं, घाईत निघालो. मग दोन तास आम्ही त्या माणसाला शोधत होतो. मीही त्याला हाका मारल्या. टिब मात्र दर पाच मिनिटांनी यायची, माझ्यापुढे बसायची आणि भुंकायची. माणूस सापडला की असंच करायचं, हे तिला काकांनीच शिकवलेलं.

"हिचं नाक गेलं हो," आयला डोळे पुसत म्हणाली. "म्हातारी झाली बिचारी. आता घरी बसवायला हवं." मी गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याची मला सपातांपेक्षा जास्त शरम वाटते.

तुमचा,
डूगल रेनी

ता. क. खरं काम राहिलंच. येत्या शुक्रवारी टिबचा निरोप समारंभ आहे. केक सांगितलाय, भाषण माझं. काका गेल्यापासून घर खायला उठतं, असं तुम्ही म्हणता. 'टिबला मीच परत नेते' अशा दोन ओळी पथकाला लिहाल का? तिची सोय होईल, आणि मला काही कबूल करावं लागणार नाही.

आणखी ता. क. पाकीट फोडून लिहितो आहे. पोस्टाच्या दारात आयला भेटली. टिब तिच्या हातातली दोरी सोडवून धावत आली, माझ्यापुढे बसली आणि भुंकली. आयलाने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. त्याच सपाता. "रेनीदादा, हिचं नाक शाबूत आहे, नाही का?" मी म्हटलं, शाबूत आहे. तेव्हा वरची विनंती रद्द समजावी. शुक्रवारी भाषण मीच करणार आहे. निरोप कुणाला द्यायचा, ते पथक ठरवेल.