आरशाला टेकलेलं पिल्लू

प्रिय कोंबड्यांच्या मालकीणबाई,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस. घर जागेवर आहे, घड्याळाचं दुकान चालू आहे आणि मीही धडधाकट आहे. परवाच तर फोनवर बोललो, मग पत्र कशाला, असं तुला वाटेल. ते सांगतोच. त्याआधी तुझ्या पिल्लांची खरी हकीकत ऐक, कारण फोनवर ‘मजेत आहेत’ म्हणत होतो ते निम्मं खोटं होतं.

लेकीकडे बाळंतपणाला जाताना ‘तुम्हाला सोबत होईल’ म्हणून तू ती आणून ठेवलीस. तू गेलीस आणि त्यातल्या सगळ्यात बारक्याच्या मानेवरची पिसं गळायला लागली. मला वाटलं, लव जाऊन नवी पिसं येतात तसं काही असेल. पण नवं काही येईना. मान लालभडक झाली, खाजवून खाजवून पाठही उघडी पडली, आणि बाकीची नेमकी त्या लाल जागेवर चोची मारायला लागली. मी त्याचं नाव टकलू ठेवलं आणि उपचार सुरू केले. माझा विश्वास एकाच औषधावर आहे हे तुला ठाऊक आहे. डोकेदुखीचा बाम लावला. टकलू जो सैरावैरा पळाला तो थेट पाण्याच्या भांड्यात जाऊन बसला. तू असतीस तर आठवडाभर हसत राहिली असतीस. मला हसू आलं होतं, पण एकट्याने हसणं जमेना.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी आधी मला यथेच्छ झापलं, बाम धुऊन काढला आणि मग खुराड्याच्या फटी बघितल्या का म्हणून विचारलं. घरी येऊन दुकानातलं भिंग डोळ्याला लावलं, तर फळ्यांच्या सांध्यांत लाल ठिपके चालत होते. इतकी वर्षं त्या भिंगातून चाकं फिरताना पाहिली, पण हे पाहून अंगावर काटा आला. सगळा भुसा जाळला, फळ्यांवर उकळतं पाणी ओतून त्या उन्हात टाकल्या. बाईंनी दिलेली पावडर एकेकाला धरून पंखांखाली लावली. टकलूची जखम मिठाच्या कोमट पाण्याने पुसायचो. घमेल्यात कोरडी माती आणि राख घालून ठेवली, त्यात बाकीची मनसोक्त लोळायची. मी लावलेला भगभगीत दिवाही बाईंनी बदलायला लावला. उकाड्याने पिल्लं चिडतात आणि एकमेकांना टोचतात म्हणे.

टकलूला मात्र वेगळं ठेवावं लागलं. स्वयंपाकघरात एका खोक्यात ठेवला, तर दिवसभर नुसता ओरडायचा. दाण्यांना तोंड लावेना. बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, खोक्यात आरसा ठेवून बघा. मी माझा दाढीचा आरसा ठेवला आणि तो गप्प झाला. दाणा उचलायचा, आरशातल्याकडे बघायचा, मग गिळायचा. दुपारी त्याच आरशाला टेकून झोपायचा. काच गार लागत असेल, पण त्याची तक्रार नव्हती. मी अंदाजाने दाढी करायला लागलो, तर गिऱ्हाइकं विचारायची, कुणाशी मारामारी झाली का. आणि माझं ताट मी टेबलावरून उचलून त्या खोक्याशेजारी नेलं. जेवताना मीही बोलायचो काहीबाही. आज भाजी खारट झाली, असलं.

हळूहळू मानेवर बारीक खुंट दिसले, मग पिसं फुटली. बाईंनी बजावलं होतं, एकदम आत सोडू नका, बाकीची ओळख विसरलेली असतात. म्हणून मधे जाळी ठोकली. दोन्हीकडून बघून बघून त्यांची भीड मोडली आणि मी जाळी काढली. एकीने उगीच एक टोचा मारला, मग सगळी सरकली आणि टकलू मधोमध जाऊन बसला. आरशाकडे त्याने वळूनही पाहिलं नाही. मला बरं वाटलं, आणि खरं सांगतो, थोडं वाईटही वाटलं.

आरसा धुऊन परत खिळ्याला लावला. दुसऱ्या दिवशी दाढी करताना लक्षात आलं, मी आरशातल्याला विचारत होतो, भाजी कुठली करायची. त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. नात शाळेत जाईपर्यंत राहू का, असं तू विचारलंस. तुमचा फोन स्पीकरवर होता, लेक आणि जावई ऐकत होते, नात मागे रडत होती. मी म्हणालो, राहा की, माझं काय अडलंय. तू लगेच विषय बदलून पिल्लं कशी आहेत विचारलंस. तेव्हापासून मला चैन नाही. म्हणून हे पत्र, कारण कागद फक्त तुझ्या हातात पडतो. माझं अडलंय. स्वयंपाक येतो, कपडे धुता येतात, पिल्लांना पावडरसुद्धा लावता येते, पण घरात माझ्याशी बोलणारं कुणी नाही आणि मला ते सोसत नाही. पत्रात काय आहे असं लेकीने विचारलंच, तर बामापर्यंतचं वाचून दाखव, हसेल ती. पण शेवटचं तिला वाचून दाखवू नकोस. राहू नकोस. ये.

तुझाच,
पिल्लांचा बदली राखणदार