खिडकीसमोरचं खरेदीखत

प्रिय विनी,

थँक्सगिव्हिंगच्या सणाला तुझ्याकडे जेवताना मी गप्प का होतो, असं तू फोनवर विचारलंस. तेव्हा सर्दीचं कारण दिलं. खरं कारण तुझ्या भिंतीवर होतं.

एल्डनकाकांचं ते खरेदीखत. कागद कुठल्याशा कुरणाचा, पण खाली साक्षीदाराची सही अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या माणसाची, तो फिलाडेल्फियात किरकोळ वकील होता तेव्हाची. काकांबरोबर लिलावांना मी फिरलो. त्याची सही कोणती आणि त्याच्या नावाने कारकुनाने ठोकलेली कोणती, हे ओळखायला मी शिकलो. तू तेव्हा घोडे पळवत होतीस. तरी मृत्युपत्रात कागद तुझ्या नावे. तुलाच का, हे काकांना मी ते असतानाच विचारलं होतं. म्हणाले, "होरेस, तू तो कुलपात घालशील. विनी चार लोकांना दाखवेल तरी."

दाखवतेयस खरी. खिडकीच्या बरोबर समोर, दुपारचं ऊन थेट सहीवर.

"उजेडात कशी उठून दिसते बघ," तू म्हणालीस.

"जागा झकास निवडलीस," मी म्हणालो आणि भोपळ्याच्या गोड पाईचा आणखी एक तुकडा मागितला.

विनी, ती शाई उन्हाने उडते. आधी फिकी तपकिरी होते, मग पिवळट, मग नुसता कागद उरतो. आजच्या आज पडदा ओढ.

पाकिटाला तिकीट लावून ठेवलंय. पण टपालाचा काय भरवसा? पुढचा उन्हाळा सरला की जेवायला येईनच, तेव्हा हे पत्र हातात देईन.

तुझं भलं चिंतणारा भाऊ,
होरेस