गुरुवारच्या चौकशीआधी

प्रिय मने,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. फोनवर मी एक वाक्य बोलेपर्यंत तू चार बोलतेस, म्हणून लिहायला बसलो. माझं लिखाण म्हणजे हजेरीवरची सही आणि वर्कशॉपच्या सामानाच्या नोंदी, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका काढत बसू नकोस. तू चौकशी समितीला पाठवलेलं निवेदन काल तुझ्या आईने मला मोठ्याने वाचून दाखवलं. वाचताना दोनदा थांबली. मी तिच्याकडे पाठ करून नळाचा वॉशर बदलत होतो. शेवटी म्हणाली, पोरीला उगाच इंजिनिअर करतोय, वकील करायला हवी होती.

तुला तिकडे ट्रेनिंगला सगळं नीट कळलंय की नाही कोण जाणे, म्हणून सांगतो. पहिल्या वर्षाच्या मुलांचे फिटिंगचे जॉब मी करून देतो, असा माझ्यावर आळ आहे. यंदाच्या चौदा जॉबांवर लोखंड घासणाऱ्या कानशीचा हात एकच दिसतो, असं नव्या प्राध्यापकांचं म्हणणं. त्यातला एकही मी केलेला नाही, तुझी शपथ. पण समितीला पटलं नाही, तर माझी बावीस वर्षांची नोकरी जाईल, आणि कर्मचाऱ्याची मुलगी म्हणून तुला असलेली फीची सवलतही, ऐन शेवटच्या वर्षात. तुझी आई दिवसभर पुसलेली भांडी पुन्हा पुसते.

मला सारखे तुझ्या प्रवेशाचे दिवस आठवतात. तुला या कॉलेजात यायचंच नव्हतं. बापाच्या ओळखीने घुसली असं लोक म्हणतील, म्हणून तू फॉर्ममध्ये आमचं कॉलेज सगळ्यांत शेवटी टाकलंस. पहिल्या दोन फेऱ्यांत काही लागलं नाही आणि तिसरीत नेमकं शेवटचंच लागलं. दोन दिवस धड जेवली नाहीस. मी तुझी समजूत घालत होतो खरा, पण खोटं कशाला बोलू, आतून मला फार आनंद झाला होता. ज्या फाटकातून मी रोज डबा घेऊन शिरतो, त्यातून माझी मुलगी पुस्तकं घेऊन शिरणार होती. तुला बजावलं होतं, कॉलेजात ओळख दाखवायची नाही. सगळी मुलं मला मामा म्हणतात, पण तू तसं म्हटलंस तर तुझी आई मला घरात घेणार नाही, तेव्हा काहीच म्हणू नकोस. आणि पहिल्याच तासाला तू साठ मुलांसमोर खणखणीत आवाजात बाबा अशी हाक मारून तुझी जागा कुठली ते विचारलंस. मी डोळे वटारले. मग सामानाच्या कपाटाआड जाऊन एकटाच हसलो.

फिटिंगचा जॉब मात्र तुला जमेना. लोखंडाच्या दोन पट्ट्या, एकीत खाच, दुसरीला तिच्यात बसणारी जीभ, आणि दोन्ही जुळवून उजेडाला धरल्या तर मधून फट दिसता कामा नये. तुझी कानस डोलायची, कडा सपाट व्हायच्या ऐवजी गोल व्हायच्या. बाकीच्या मुलांचं कोपर धरून मी शिकवायचो आणि तुझ्या जागेपाशी आलो की पुढे जायचो, कुणी नाव ठेवू नये म्हणून. तुझ्या बोटांना फोड आले, तरी घरी तू मला एका शब्दाने विचारलं नाहीस. हट्टी आहेस, कुणावर गेलीस ते तुझी आई सांगेल. एका संध्याकाळी तू तिला म्हणालीस की हे मला झेपत नाही, वर्ष संपलं की सोडते. मी बाहेरच्या खोलीत होतो. मला सगळं ऐकू आलं.

मग तपासणीच्या दिवशी वर्कशॉपच्या तेव्हाच्या सरांनी तुझा जॉब खिडकीशी धरला, उलटसुलट बघितला आणि वर्गाला दाखवला. पन्नासपैकी अठ्ठेचाळीस. घरी येऊन आईच्या गळ्यात पडलीस, आणि सोडण्याचं नाव पुन्हा कधी काढलं नाहीस. पुढची तीन वर्षं तू काय केलंस ते मी बघतोय. तुझी गणितं मला कळत नाहीत, तू समजावतेस तेव्हा मी नुसती मान हलवतो. ते सर गेल्या वर्षी निवृत्त झाले, जाताना तुझी चौकशी करून गेले.

आता मूळ गोष्ट. तू लिहिलंयस की ज्या माणसाने सख्ख्या मुलीच्या जॉबला बोट लावलं नाही, तो परक्यांचे जॉब कशाला करील. मने, मी बोट लावलं होतं. तपासणीच्या आदल्या दिवशी तुम्ही सगळे गेल्यावर मी कपाटातून तुझा जॉब काढला आणि पाऊण तास कानस चालवली. बावीस वर्षांत एकदाच केलं, पण केलं. गुरुवारी मी हे समितीला सांगणार आहे. मग त्या चौदा जॉबांबद्दल माझ्यावर कोण विश्वास ठेवील, मला माहीत नाही. तू म्हणशील, गप्प बसला असतात तर कुणाला कळलं असतं? पण मग खोट्याखाली तुझी सही राहिली असती. तुझं निवेदन मागे घे. चौकशीला तू येशील तेव्हा परक्या माणसांसमोर तुला हे पहिल्यांदा कळू नये, म्हणून आधी लिहितोय. मी हात लावला नसता, तर तेव्हा तुला वीस-बावीस गुण पडले असते. तू रडली असतीस, आणि मला वाटतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा कानस हातात घेतली असतीस. तेवढा भरवसा मी माझ्या मुलीवर ठेवला नाही. नोकरीचं होईल ते होईल, पण याबद्दल मला माफ कर.

गुरुवारी स्टँडवर तुला घ्यायला येणारा,
तुझाच,
बाबा