तोंडाने काही नाही

१४ एप्रिल १९५३

अपेंडिक्स फुटून चार दिवस झाल्यावर पेशंट दवाखान्यात! बुधाजी, मिठागरावर काम करणारा, तिशीतला. घरच्यांनी आधी पोट शेकलं, मग एरंडेल पाजलं — नेमकं जे करू नये ते. पोट फळीसारखं ताठ. उघडलं, पू काढला, निचऱ्याची नळी ठेवून शिवलं. जगेलसं वाटत नाही. त्याचा भाऊ काशिराम, त्याला तसं स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, "तुमी करा तुमचं."

१५ एप्रिल

तोंडाने काही नाही. नाकातून नळी, दंडात सलाइन आणि ग्लुकोज, जोडीला पेनिसिलिन. मुंबईहून बाटल्या वेळेवर आल्या, नाहीतर नुसता हात धरून बसावं लागलं असतं.

त्याची बायको भामा बाटलीकडे टक लावून उभी. आत काय, विचारलं. मीठ आणि पाणी, म्हटलं.

"मिठाच्या पान्यात उभं ऱ्हाऊन त्याचं पाय फाटलं. आनि तुमी तेच आंगात घालताव?"

प्रश्न वावगा नाही. उलट्यांतून, पोटातल्या सुजेतून जे गेलं तेच परत भरतोय, एवढं सांगितलं. पटलं की नाही कोण जाणे. न पटलं तरी बाटली चालूच राहणार होती.

१६ एप्रिल

ताप उतरत नाही. लघवी थोडी, पण आहे.

१८ एप्रिल

पोट फुगलेलं, आतडी गप्प. कान लावून बसतो, काही ऐकू येत नाही. काशिरामला सांगितलं, पादला की वाचला. त्याला वाटलं मी थट्टा करतोय. आता सगळं गणगोत व्हरांड्यात त्याच एका आवाजाची वाट बघत बसलंय. लग्नाच्या मुहूर्तालाही इतकी शांतता नसते.

नातेवाइकांना एकच घोर — उपाशी माणूस जगेल कसा? ग्लुकोज म्हणजे साखरच, हे दहांदा सांगून झालं. कोणीतरी पेजेचा तांब्या लपवून आणला होता. कृष्णाबाईंनी, आमच्या नर्सने, तो दारातच काढून घेतला.

१९ एप्रिल

भामा दिवसभर मिठागरावर, संध्याकाळी इथे. हंगाम कोणासाठी थांबत नाही म्हणे. पायात गोळे येतात, चक्कर येते म्हणाली. ऊन बाधलंय, भरपूर पाणी पी, म्हटलं. लक्ष सगळं बुधाजीच्या नाडीवर होतं.

२० एप्रिल

पादला! व्हरांड्यात साखर वाटली. मलाही दिली, खाल्ली. बरं वाटलं, फार बरं वाटलं. आज घोटभर पाणी. परवापासून पातळ पेज.

२१ एप्रिल

दुपारी भामाला बैलगाडीत घालून आणली. मिठागरावरच पडली होती. आचके, अंग गार, नाडी जेमतेम.

काशिराम हळूच म्हणाला, "डाक्टर, तिनं मीठ सोडलंय. एकविरा आयला नवस बोललीय — तो मिठाचं खाईल तवा मी खाईन."

या उन्हात, घाम गाळत, अळणी! वर मी सांगितलं म्हणून तांबेच्या तांबे नुसतं पाणी. होतं नव्हतं तेही मीठ मीच धुऊन काढलं.

सलाइन लावलं. जरा शुद्धीवर आली, बाटली बघितली आणि सुई उपटून टाकली. "त्याच्या तोंडात नाय तवर माज्या आंगात नाय."

समजावलं. ओरडलो. हात धरून सुई परत घातली, तीही उपटली. शेवटी बुधाजीची खाट तिच्याशेजारी आणवली. पेजेत चिमूटभर मीठ घालून दोन चमचे दिले. ठरल्याच्या आधीच — पोटाचं काय व्हायचं ते होवो. तिने त्याला गिळताना पाहिलं आणि हात पुढे केला.

तोवर शिरा बसल्या होत्या. घोट्याजवळ कापून एक शोधली. सलाइन सुरू झालं. बुधाजीला धसका नको म्हणून तिला पलीकडच्या खोलीत हलवलं.

२२ एप्रिल

भामा पहाटे गेली.

बुधाजीला अजून सांगितलेलं नाही. ताप नाही, पोट मऊ. सकाळी वाटीभर पेज घेतली, सगळी. तोंड पुसून विचारलं, "भामा जेवली?"

मी हो म्हटलं.