विसावे नाव यादीत घालण्याबाबत

दिनांक : १६ जून २०२५

प्रति,
मा. प्रशिक्षण अधिकारी,
बालांकुर शिक्षण मंडळ,
इंदिरानगर, नाशिक.

विषय : तमिळ मुलांच्या बालवाडीसाठी शिक्षिकेस प्रशिक्षण मिळणेबाबत, ते शक्य नसल्यास शिक्षिकेसही वाचादोष असल्याचे मान्य करणेबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे चार अर्ज व आपले एक उत्तर.

महोदय,

मी, चैताली हिरामण गांगुर्डे, नाशिक रोडला रुळांपलीकडच्या वस्तीतील आपल्या बालवाडीत दोन वर्षे शिकवत आहे. पटावर एकोणीस मुले. घरची माणसे सायकलवर इडल्या विकतात, नाहीतर बांधकामावर जातात. घरात सगळे तमिळ बोलतात. मुलांचे तोंड दिवसभर बंद नसते, पण मला त्यातले काही कळत नसे. म्हणून अशा मुलांना शिकवण्याचे प्रशिक्षण मिळावे, असा अर्ज मी केला.

१. आपण तत्परतेने मला आठ दिवस सुरगाण्याला, तिकडच्या आदिवासींच्या कोकणी बोलीच्या प्रशिक्षणाला धाडलेत. मी कुरकुर केली तेव्हा आपले लिपिक वाल्मीक म्हणाले, "बाई, परभाषेचं ट्रेनिंग आपल्याकडे एकच आहे. मन लावून करा." मी मन लावून केले. बोली गोड आहे, जेवणही चांगले होते. परत येऊन मुलांना भातलावणीचे गाणे म्हणून दाखवले. मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि ती पुन्हा तमिळमध्ये बोलू लागली.

२. मग आपले चाचणी पथक आले. वीस चित्रे दाखवून मराठीत प्रश्न विचारले. मुलांनी हत्ती, छत्री, चमचा सगळे ओळखले, पण आपापल्या घरच्या भाषेत. त्या भाषेचा रकाना कागदावर नसल्याने एकोणीसच्या एकोणीस मुले वाचादोषग्रस्त ठरली. २३ जूनपासून बालवाडी बंद करून त्यांना वाचादोष शिबिरात हलवावे, असे आपले पत्र आले. चार वर्षांच्या पोरांवर हा शिक्का मारताना कुणाचा हात कसा थांबला नाही, याचा मला संताप येतो. अर्जात संताप लिहू नये, हे मला ठाऊक आहे.

३. तथापि नियम सर्वांना सारखा असावा म्हणून मीही तीच चाचणी दिली. मुलांच्या आयांपैकी सेल्वी यांनी तीच चित्रे दाखवून तमिळमध्ये विचारले. वीसपैकी दोन बरोबर. सेल्वीबाई हळहळून म्हणाल्या, "टीचर, तुम्ही नापास. उद्या परत या." 'उद्या परत या' हे शब्द मी आपल्या कार्यालयात पुष्कळदा ऐकले आहेत, शिकवण्यासाठी मात्र कुणी प्रथमच म्हटले. तेव्हापासून मी रोज जाते.

४. आपल्या अहवालात वळ्ळी, वय चार, हिच्यापुढे 'निरर्थक आवाज, नंतर रडणे' असा शेरा आहे. त्या दिवशी मलाही अर्थ लागला नव्हता. आता लागतो. तिला तहान लागली होती. पाण्याचा तांब्या पथकाच्या टेबलावर होता.

सबब, मला व सेल्वीबाईंना रीतसर प्रशिक्षण देऊन बालवाडी चालू ठेवावी. ते जमत नसेल तर यादीत विसावे नाव माझे घालून मला मुलांबरोबर शिबिरात पाठवावे. तिथे कोण पाणी मागते आहे, हे कळणारे एक तरी माणूस असावे.

आपली, अजून तरी नम्र,
चैताली हिरामण गांगुर्डे

सोबत :
१) आपल्या अहवालाची प्रत.
२) माझी उत्तरपत्रिका, परीक्षक सेल्वी यांच्या सहीसह. सही तमिळमध्ये आहे; रकाना नसल्यास जागा कोरी समजावी.